दगडांचे दप्तर

ज्याच्या उभ्या नोकरीचा काळ भूमिअभिलेखाच्या कचेरीत गेला, गटनंबर, चतुःसीमा, फेरफार आणि मोजणीचे नकाशे यांच्या सहवासात ज्याचे केस पिकले, अशा माणसाकडे पुण्यातल्या एका लहानशा खनिजसंग्राहक मंडळाने आपल्या संग्रहाची नोंदवही विश्वासाने सोपवावी, यात वावगे असे काही नाही. किंबहुना मंडळाच्या चालकांनी माझ्या पेशाचा विचार करूनच ही निवड केली असावी. परंतु जमिनीच्या दप्तरात आणि दगडांच्या दप्तरात एक मोठे अंतर आहे, आणि ते मला काम करता करताच उमगत गेले. जमिनीच्या कागदाविषयी शंका उत्पन्न झाली, तर तिचे निरसन करण्यास ती जमीन जागच्या जागी असते. शंकू-साखळी घेऊन पुन्हा मोजणी करता येते, शेजारच्या खातेदाराचा जबाब घेता येतो, बांधावरचा हद्दीचा दगड उकरून पाहता येतो. खनिजाचा नमुना मात्र एकदा आपल्या खडकातून सुटून घरच्या कपाटात येऊन बसला, की त्याची जन्मभूमी सांगणारा एकच साक्षीदार मागे उरतो, आणि तो म्हणजे त्याच जागी, त्याच दिवशी केलेली नोंद. ती नसेल तर नमुन्याचे सौंदर्य कायम राहते, पण त्याची साक्ष कायमची बुडते.

आमच्या मंडळाची रचना अगदी साधी आहे. दर महिन्याच्या एका शनिवारी सायंकाळी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सभा भरते. शाळेचे चालक ती खोली विनामोबदला देतात आणि त्याच्या बदल्यात आम्ही त्यांच्या मुलांसाठी वर्षातून एकदा नमुन्यांचे प्रदर्शन मांडतो. सभासदांत महाविद्यालयात भूशास्त्र शिकविणारे एक प्राध्यापक आहेत, धरणांच्या पायांचे खडक पाहण्यात ज्यांची हयात गेली असे पाटबंधारे खात्यातील एक निवृत्त अभियंता आहेत, सराफी पेढीवर रत्ने पारखणारे एक गृहस्थ आहेत, भूगोल शिकविणाऱ्या एक बाई आहेत, आणि गेल्या काही वर्षांत महाविद्यालयीन विद्यार्थीही येऊ लागले आहेत. वर्गणी नाममात्र आहे. पावसाळा सरला की सहली सुरू होतात आणि उन्हाचा तडाखा वाढला की त्या थांबतात. मधल्या काळात जे मिळाले असेल, त्याची पारख, सफाई आणि नोंद एवढेच काम चालते, आणि माझ्या मते मंडळाचे खरे काम तेच होय.

पारखीची संध्याकाळ पाहण्यासारखी असते. मेजावर जुन्या वर्तमानपत्रांचे थर अंथरून त्यावर नमुने मांडले जातात आणि प्रत्येकाच्या हातात दहापट मोठे दाखविणारे भिंग असते. १८१२ साली फ्रीडरिख मोज या शास्त्रज्ञाने काठिण्याची जी श्रेणी घालून दिली, तिच्यावरच आजही आमचा पहिला भरवसा असतो, कारण तिच्यासाठी कोणतीही महागडी सामग्री लागत नाही. हाताचे नख त्या श्रेणीत अडीचच्या आसपास येते, तांब्याचे जुने नाणे तीनच्या आसपास, चाकूचे पाते साडेपाचच्या जवळ, आणि गारगोटी सातावर. बिनचकाकीच्या चिनी मातीच्या फरशीवर घासून रेघेचा रंग पाहतात. शंका राहिलीच तर ड्रॉपरने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर सोडतात. थेंब फसफसला तर कॅल्साइट. नवख्या सभासदाला कॅल्साइट आणि ॲपोफिलाइट यांतला भेद प्रथम या थेंबानेच कळतो. पुढे नजर तयार झाली म्हणजे थेंबाची गरज उरत नाही, कारण ॲपोफिलाइटच्या स्फटिकाच्या उभ्या बाजूंवर बारीक समांतर रेघा असतात आणि त्याच्या आडव्या माथ्यावर मोत्याची झाक असते, जी भिंग थोडे तिरके करताच डोळ्यांत भरते.

स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. दोन्हींचे रंग पांढऱ्यापासून फिकट गुलाबी वा पीच छटेपर्यंत जातात, दोन्ही मऊ, दोन्हींच्या एका पृष्ठावर तीच मोत्याची चमक. स्टिल्बाइटचे पातळ स्फटिक एकत्र येऊन मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुलतात, तर ह्यूलँडाइटचा स्फटिक पसरट, मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळता असतो. आमच्या बाई शाळकरी मुलांना हा भेद फळ्यावर दोन आकृत्या काढून इतक्या सहजतेने समजावतात की, मुले पुढच्या अर्ध्या तासात मेजावरचे सारे तुकडे बिनचूक दोन ढिगांत लावून मोकळी होतात. पण सुयांच्या पुंजक्यांसमोर बाईही थबकतात आणि प्राध्यापकही. स्कोलेसाइट हे कॅल्शियमचे, नॅट्रोलाइट हे सोडियमचे आणि मेसोलाइट हे दोहोंचे खनिज. तिन्हींच्या सुया पांढऱ्या, तिन्ही एका केंद्रातून फाकलेल्या, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांत निवाडा करणे बहुधा अशक्य. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तपासणी होईपर्यंत नोंदवहीत मी एवढाच शेरा लिहितो : ‘सूच्याकार झिओलाइट, निश्चिती प्रलंबित.’ काही सभासदांना हा शेरा रुचत नाही, कारण आपल्या नमुन्यास नाव असावे अशी प्रत्येकाची स्वाभाविक इच्छा असते. पण ‘प्रलंबित’ हा शब्द कचेरीत मी आयुष्यभर लिहिला आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे लिहून ठेवणारे दप्तरच पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडते.

हे सारे वैभव महाराष्ट्राच्याच वाट्याला का आले, हा प्रश्न प्रत्येक नवा सभासद विचारतो, आणि त्याचे उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जो पालट होतो, तो पाहण्यात मला अजूनही आनंद वाटतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे भूमीच्या भेगांतून लाव्हाचे लोटामागून लोट बाहेर पडले आणि एकावर एक थर साचत जाऊन आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापणारे, पश्चिम घाटात दोन किलोमीटरांच्या आसपास जाडीचे दख्खनचे पठार तयार झाले. प्रत्येक थर थिजताना त्यातले वायू वर चढू पाहत होते. ज्यांना वाट मिळाली नाही त्यांचे बुडबुडे थराच्या वरच्या भागात पोकळ्या होऊन अडकून राहिले, आणि मधला भाग घट्ट, काळा, निबर असा कातळ झाला. विहिरी खणणारे लोक त्या सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात, आणि खडीच्या खाणींना हवा असतो तो मधला कातळ. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले, त्याने खडकातलीच द्रव्ये विरघळवून आणली आणि पोकळीच्या भिंतींवर एकामागून एक पुटे चढविली. बहुधा आधी हिरवट मातकट अस्तर, कोठे त्यावर गारगोटीचे पुट, मग ह्यूलँडाइट व स्टिल्बाइट, आणि त्यांच्यावर शेवटच्या पाहुण्यांप्रमाणे ॲपोफिलाइट आणि कॅल्साइट. हे सर्व लाव्हाबरोबरच घडले असेही नाही. काही ठिकाणचे ॲपोफिलाइट लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी स्फटिकरूप झाले, असे कालमापनातून दिसून आले आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. थराच्या माथ्याजवळची पोकळी निराळी, तळाजवळची निराळी, दोन थरांच्या मध्ये जो तांबडा पट्टा असतो त्याच्या खालची निराळी; कोणते पुट आधी चढले आणि कोणते मागून, हेही त्या जागेवर अवलंबून. म्हणून ‘जिल्हा पुणे’ एवढ्या नोंदीने काहीच साधत नाही. गाव पाहिजे, खाणीचा गटनंबर पाहिजे, जमिनीपासूनची खोली पाहिजे, आणि शक्य असेल तर तो थर वरून कितवा तेही पाहिजे.

इतिहासाने या बाबतीत आपली मोठी हानी केलेली आहे. बोरघाटातून लोहमार्ग नेण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. पंचवीस बोगदे खोदले गेले, सदतीस फुटांना एक फूट असा कठीण चढ साधला गेला, आणि १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या डोंगरात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले किती जण तेथेच राहिले, हा विषय स्वतंत्र आणि दुःखद आहे. त्याच कामात कातळाच्या पोटातील जी अप्रतिम ॲपोफिलाइटे आणि झिओलाइटे उजेडात आली, ती युरोपातील संग्रहालयांपर्यंत पोहोचली, आणि खनिजशास्त्राच्या ग्रंथांत ‘पूना’ हे नाव कायमचे दाखल झाले. परंतु त्या काळच्या कित्येक चिठ्ठ्यांवर ‘पूना’ किंवा ‘घाट’ यापलीकडे अक्षर नाही. कोणता बोगदा, कोणती खोली, सोबत कोणती खनिजे होती, हे सांगणारे हात त्या वेळी डोंगरात होते, सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांना ते ठाऊक होते. पण त्यांना कोणी विचारले नाही आणि ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या ते तेथे नव्हते. मंडळाच्या कामाची दिशा मला या एका गोष्टीने दाखविली असे म्हटले तरी चालेल.

विचारले म्हणजे किती मिळते, याचा अनुभव नगर रस्त्याकडच्या एका खाणीत आला. वाघोलीच्या परिसरातील दगडखाणी खनिजसंग्राहकांच्या जगात कॅव्हन्साइटमुळे विख्यात आहेत. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे हे निळेभोर खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तेच द्रव्य निराळ्या रचनेत जुळून आलेले पेंटागोनाइट हे त्याचे भावंड. ओरेगॉनमध्ये कॅव्हन्साइट अगदी बारीक आढळले होते. वाघोलीत मात्र पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे गडद निळे गुच्छ निघाले आणि सर्व जगाचे लक्ष या खाणींकडे वेधले गेले. आम्ही गेलो त्या रविवारी कॅव्हन्साइट काही दिसले नाही. खाणमालकाची लेखी परवानगी हाती होती, क्रशर बंद होता, आणि आदल्या संध्याकाळच्या सुरुंगाने सुटलेल्या डबराचा ढीग तळाशी पडलेला होता. सभासदांनी शिरस्त्राणे चढविली, सुतकी आणि छिन्न्या काढल्या. वरून सैल दगड लोंबत असलेल्या कड्याखाली कोणीही जाऊ नये, हा आमचा दंडक असल्याने सारे ढिगाभोवतीच पांगले.

त्या ढिगात एका धोंड्याला हाताच्या पंजाएवढी पोकळी उघडी पडलेली होती. आत भिंतीलगत काळपट हिरवे अस्तर, त्यावर पाणीदार ह्यूलँडाइटचा पातळ थर, आणि एका बाजूस गुलाबी स्टिल्बाइटच्या दोनच पेंढ्या. पोकळीचा अर्धा भाग मात्र कोरा. जणू पाणी त्या उंचीपर्यंतच साचत असावे अशी स्पष्ट आडवी रेघ तेथे होती. विद्यार्थ्यांपैकी एकाने लगेच अंदाज केला की हा धोंडा वरच्या टप्प्यातून खाली आला असावा, आणि मी नोंद लिहिण्यासाठी पेन्सिल काढली. तेवढ्यात खाणीचे मुकादम, ज्यांना सारेच मामा म्हणतात, ते जवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सायेब, वरचा न्हाई ह्यो. तांबड्या पट्ट्याच्या खालचा हाय. वरच्या दगडात असली घरं न्हाईत, बारीक फोडच अस्त्यात.” आणि त्यांनी आम्हांला कड्यासमोर सुरक्षित अंतरावर नेऊन तांबडा पट्टा, त्याखालचा सच्छिद्र खडक आणि सुरुंगाची ताजी जागा बोटाने दाखविली. पिढ्यान्‌पिढ्या दगडाचेच काम करणाऱ्या वडार कुटुंबातला हा माणूस. शाळा त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही, पण धोंड्याच्या कडेचा रंग आणि फुटीचा कोन पाहून तो कोणत्या टप्प्यातला, हे ते बिनदिक्कत सांगतात. प्राध्यापकांनी तांबड्या पट्ट्याखालचा खडक भिंगाखाली धरला, धोंड्याची कड त्याच्याशी ताडून पाहिली आणि मामांचे म्हणणे मान्य केले.

त्या नमुन्याच्या नोंदीत मी ‘मुकादमांच्या जबानीवरून’ असा शेरा घातला आणि त्यांच्या संमतीने त्यांचे नाव लिहिले. तेव्हापासून असा रकानाच नोंदवहीत निराळा आखला आहे : माहिती कोणी दिली. आजवर तो रकाना खाणकामगार, विहिरी खणणारे, रस्त्याच्या कामावरचे मिस्त्री, जेसीबीचे चालक यांच्या नावांनी भरत आला आहे. मंडळाच्या संग्रहाची ही सर्वांत मोलाची बाजू आहे असे मी सभेत अनेकदा बोलून दाखविले आहे, आणि येथेही लिहितो.

नोंदीचे प्रत्यक्ष काम थोडे तपशिलाने सांगतो, कारण ते बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. नमुना खाणीतून निघतानाच वर्तमानपत्रात गुंडाळला जातो आणि गुंडाळीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवली जाते; शाईची नव्हे, कारण ओलाव्याने शाई पसरते. घरी आल्यावर सफाई. स्टिल्बाइटला मऊ ब्रश आणि साधे पाणी सोसते. सुयांच्या पुंजक्यांना ब्रश लावणे म्हणजे त्यांचा नाश करणे. ओकेनाइटच्या पांढऱ्या तंतूंच्या गोळ्यांना तर बोटाचाही स्पर्श होता कामा नये, एकदा दबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. आम्ल वापरून सफाई करण्याचा मोह नव्या सभासदांना फार होतो आणि त्यापासून त्यांना परावृत्त करावे लागते, कारण बहुतेक झिओलाइटांना आम्ल सोसत नाही. काही तर त्यात विरून चिकट गोळा होतात. सफाई झाली की नमुन्याच्या बुडाशी, जेथे स्फटिक नाही अशा जागी, पांढऱ्या रंगाचा एक लहानसा ठिपका लावायचा, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने अनुक्रमांक लिहायचा आणि वर पारदर्शक व्हार्निशचा हात फिरवायचा. चिठ्ठी हरवते, डबी बदलते, माणसे जातात. दगडाच्या अंगावरचा अनुक्रमांक राहतो, आणि तो नोंदवहीतल्या पानाकडे बोट दाखवितो.

लॉमाँटाइटची गोष्ट निराळी. हे खनिज खडकातून निघते तेव्हा पांढरे, पाणीदार, सुबक असते. पण त्याच्या रचनेतले पाणी हवेत हळूहळू निघून जाते आणि स्फटिक भुसभुशीत होऊन शेवटी भुकटी होते. झिओलाइटांच्या अंगी पाणी धरून ठेवण्याचा आणि सोडून देण्याचा जो गुण आहे, त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष १७५६ मध्ये क्रॉन्स्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने वेधले. तापविताच तो दगड फसफसून वाफ सोडतो हे त्याने पाहिले होते. लॉमाँटाइटला मात्र तापविण्याचीही गरज नसते. आम्ही ते घट्ट झाकणाच्या डबीत, आत ओलसर कापूस घालून ठेवतो, आणि प्रत्येक सभेच्या आधी ती डबी उघडून कापूस ओला करण्याची जबाबदारी वर्षानुवर्षे एकाच सभासदाकडे आहे. त्या गृहस्थांनी ही जबाबदारी जितक्या निष्ठेने पाळली आहे, तितकी निष्ठा मी कचेरीत फार थोड्या माणसांच्या ठिकाणी पाहिली. तरीही जे नमुने गेले, त्यांची नोंद मी खोडत नाही. ‘नमुना विघटित’ असा शेरा आणि तारीख लिहून ती जागा तशीच ठेवतो. कारण त्या खाणीत त्या खोलीवर लॉमाँटाइट होते, ही गोष्ट भुकटीबरोबर नाहीशी होत नाही.

बाजाराविषयी लिहिणे काहीसे अवघड आहे. दख्खनची खनिजे जगभरातल्या प्रदर्शनांत विकली जातात, त्यांचे व्यापारी आहेत, दलाल आहेत, आणि खाणीवरचा मजूर ज्या पोकळीला पूर्वी ढुंकून पाहत नसे, तिला आता ‘पॉकेट’ म्हणून ओळखतो. काही संग्राहक व्यापाऱ्यांना दोष देतात. मला तो दोष न्याय्य वाटत नाही. खाण खडीसाठी चालते. व्यापाऱ्याने चार पैसे देऊ केले नसते, तर आज ज्या नमुन्यांकडे जग विस्मयाने पाहते ते सारे क्रशरच्या जबड्यात जाऊन रस्त्यांच्या पोटात गडप झाले असते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन जे कोणी महाराष्ट्राच्या भूमीतल्या नमुन्यांचे दालन पाहून आले आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. मात्र बाजारात नमुन्याच्या सौंदर्यास भाव येतो, नोंदीस येत नाही, आणि तेथे माझे भांडण आहे. एकाच खाणीतला माल ‘नाशिक’, ‘जळगाव’, ‘पुणे’ अशा सोयीच्या नावांनी विकला जातो. मूळ जागा लपवून ठेवण्यात धंद्याचे हितही असते. शिवाय लबाडीही चालते. रंगात बुडविलेले ओकेनाइट, स्टिल्बाइटवर डिंकाने चिकटविलेले कॅव्हन्साइट हे आमच्या मेजावर येऊन गेले आहे. सराफी पेढीवरचे आमचे सभासद अशा वेळी कामास येतात. भिंगातून सांध्यावरचा चिकटपणा आणि स्फटिकाच्या मुळाशी नसलेली मुळे ते क्षणात ओळखतात.

विहिरींनी या दप्तरात खाणींइतकीच भर घातली आहे. या शतकाच्या आरंभी राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यात एका विहिरीच्या खोदाईत हिरव्या ॲपोफिलाइटचे जे नमुने निघाले, त्यांची कीर्ती संग्राहकांत आजही सांगितली जाते. जळगावकडचे हिरवे ॲपोफिलाइटही असेच नावाजलेले. शेतकऱ्याला पाणी हवे असते आणि त्याला लागतात स्फटिक. ते तो बांधावर टाकून देतो किंवा देव्हाऱ्यात ठेवतो. अशा घरी गेलो की मी प्रथम विहिरीचा गटनंबर विचारतो, मग किती परस खोलीवर कोणता दगड लागला ते विचारतो. शेतकऱ्याला हे प्रश्न परके वाटत नाहीत. सातबाऱ्याचा उतारा त्याच्या कपाटात असतो, विहिरीच्या प्रत्येक परसाचा खर्च त्याच्या स्मरणात कोरलेला असतो, आणि तो सांगू लागला की माती, मुरूम, मांजऱ्या, कातळ, पुन्हा मांजऱ्या, असा विहिरीचा सबंध छेद नोंदवहीत उतरतो. देव्हाऱ्यातला दगड आम्ही मागत नाही. तो जेथे आहे तेथेच त्याची नोंद करतो आणि शेरा लिहितो : ‘मालकाच्या घरी पूजेत.’

आम्ही काय उचलीत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्य शासनास दिला आहे, आणि खाणपट्टा ज्याच्या नावे आहे त्याच्या लेखी संमतीवाचून आमचा हातोडा उठत नाही. वनक्षेत्रात, गडकिल्ल्यांवर, लेण्यांच्या डोंगरात संग्रह करावयाचा नाही. लोणारला आम्ही सहल नेतो. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे, उल्कापाताने बेसाल्टात पडलेले ते विवर काठावरून आणि वाटेवरून पाहतो, टिपणे करतो आणि रिकाम्या हाताने परततो. रिकाम्या हाताने परतण्याची ही शिस्त तरुणांना एखाद्या उत्तम नमुन्यापेक्षा अधिक काही शिकविते, असे मला वाटते.

या साऱ्या उद्योगाची निकड अलीकडे वाढली आहे, कारण जागाच नाहीशा होत आहेत. मुंबईच्या उपनगरांत मालाडच्या खाणी होत्या, कांदिवलीची खाण होती. ओकेनाइट, गायरोलाइट, प्रेहनाइट यांचे तेथले नमुने संग्रहालयांत आहेत, खाणी मात्र शहराने गिळल्या. पुण्यात पाषाणच्या टेकड्यांतल्या खाणींतून एके काळी निघालेले हिरवे ॲपोफिलाइट नामांकित होते. त्या बाजूला आज इमारती आहेत. पुण्याच्या पूर्वेकडील ज्या खाणींच्या टप्प्याटप्प्यांच्या नोंदी आमच्या वहीत आहेत, त्यांपैकी काही राडारोड्याने भरल्या, काहींत पाणी साचून तळे झाले, काहींवर बांधकामाचे आराखडे मंजूर झाले आहेत. तेथे कोणता थर किती खोलीवर होता आणि त्याच्या पोकळ्यांत काय होते, हे उद्या कोणास जाणून घ्यावयाचे झाले, तर कडा दिसणार नाही. दिसेल ती आमच्या वहीची काही पाने. हे मी अभिमानाने लिहीत नाही, काळजीने लिहितो, कारण वही एकच आहे.

यास्तव गेल्या सर्वसाधारण सभेत तिची प्रत करण्याचा ठराव मी मांडला. तो सहज मंजूर झाला, पण गटनंबर प्रतीत उघड असावेत की नसावेत यावर सभा रात्रीपर्यंत चालली. चालू खाणीचा आणि शेतकऱ्याच्या विहिरीचा पत्ता सर्वांस खुला झाला, तर हातोडे घेऊन कोणीही परवानगीवाचून तेथे घुसेल, ही भीती अभियंत्यांनी व्यक्त केली आणि ती रास्त होती. पत्ता लपविला तर बाजारात आणि आपल्यात भेद काय राहिला, हा बाईंचा प्रश्नही तितकाच रास्त होता. अखेर असे ठरले की, बुजलेल्या आणि बांधल्या गेलेल्या जागांच्या नोंदी पूर्ण तपशिलासह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, चालू जागांच्या प्रतीत गावापर्यंतच उल्लेख असावा, आणि मूळ नोंदवही लेखी अर्ज करणाऱ्या कोणाही अभ्यासकास दाखवावी. मी या तडजोडीच्या बाजूने मत दिले. दोन विद्यार्थिनींनी प्रत लिहावयास घेतली आहे. त्यांचे अक्षर माझ्याहून चांगले आहे, आणि ज्या नोंदीत खोलीचा रकाना रिकामा दिसतो, तिच्यावर खूण करून त्या मला जाब विचारतात. अशा नोंदींतल्या काही जुन्या खाणींत मामांनी तरुणपणी काम केलेले असल्याचे परवा बोलण्यात आले. म्हणून पुढच्या सभेस त्यांना निमंत्रण दिले आहे. त्या दिवशी नवी पारख ठेवलेली नाही. रिकाम्या रकान्यांची यादी त्यांच्यासमोर वाचावयाची, ते सांगतील तेवढे त्यांच्या नावावर लिहून घ्यावयाचे, आणि उरतील ते रकाने ‘प्रलंबित’ म्हणून ठेवावयाचे, असे ठरले आहे.